दस्तीखालची बोटं

शनिवार, संध्याकाळी ७.१०. अजून २१ तास १० मिनिटं.

आण्णा ओसरीत बाजेवर बसलेले. थंडीचे दिवस, अंगावर शाल, खांद्यावर नेहमीची दस्ती. अकरा महिन्यांपूर्वी लकवा मारला, तेव्हा उजवा हात आणि वाचा एकाच रात्री गेले. हात थोडा वळायला लागला, शब्द मात्र आले नाहीत. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांच्याशी बोलत राहा, तेच ते शब्द रोज कानावर पडू द्या. पण मी दिवसभर शाळेत, बायको अंगणवाडीत, पोरगी उदगीरला कॉलेजात. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच आमच्या घरात कुणाचाच आवाज नसतो.

त्या संध्याकाळी मोबाइलवर एक रील आली. राखाडी अंगाचा, लाल शेपटीचा पोपट मान तिरकी करून माणसासारखा विचारत होता, ‘आ गए क्या? चाय पी लो.’ खाली लिहिलेलं : आफ्रिकन ग्रे, बोलका, माणसाळलेला, घरपोच.

या जातीबद्दल मी पूर्वी वाचलेलं होतं. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७७ साली अ‍ॅलेक्स नावाचा आफ्रिकन ग्रे विकत घेतला आणि तो २००७ मध्ये मरेपर्यंत त्याला शिकवलं. त्याला शंभराच्या आसपास शब्द येत, रंग ओळखता येत, वस्तू मोजता येत. हे वर्गात मुलांना मी कितीदा तरी सांगितलेलं. आण्णांच्या बाजेशेजारी असा एक पक्षी दिवसभर बोलतोय, हे चित्र डोळ्यासमोर आलं आणि मी मेसेज टाकला.

शनिवार, रात्री ८.३०. अजून १९ तास ५० मिनिटं.

उत्तर लगेच आलं. माणूस हैदराबादचा म्हणाला, ‘सर, सर’ करत बोलणारा. किंमत पिंजऱ्यासकट १४,००० रुपये. हा पक्षी बाजारात याच्या कितीतरी पट किमतीला जातो, हे मला नंतर कळलं. तेव्हा १४,००० हाच मला मोठा आकडा वाटला. मालक परदेशी चाललाय, पक्ष्याला चांगलं घर हवंय, असं त्यानं स्वस्ताईचं कारणही देऊन ठेवलं होतं.

मी म्हणालो, हैदराबाद लांब नाही, उदगीरहून रेल्वे आहे, मी येऊन बघून घेतो. तो म्हणाला, फार्मवर बाहेरच्यांना बंदी आहे, पक्ष्यांना रोग लागतो. व्हिडिओ कॉल कर म्हणालो, तर रात्री पक्षी झोपतात, उजेडानं घाबरतात. मग त्यानं स्वतःच्या आधारकार्डाचा फोटो पाठवला. मी काही मागितलं नव्हतं. न मागता ओळखपत्र पाठवणारा विक्रेता मला त्या वेळी सरळ माणूस वाटला. आज वाटतं, ते कार्डही कुणा फसलेल्या माणसाचंच असणार.

९.०५ वाजता बुकिंगचे २,००० रुपये गेले.

शनिवार, रात्री १०. अजून १८ तास २० मिनिटं.

इथं मला थांबून सांगावं लागेल. सगळ्या घटनाक्रमात हीच एक वेळ होती, जेव्हा घरातल्या जाणत्या माणसानं मला अडवलं.

आमचं गाव देवणी. गावाच्या नावानं बैलाची जात आहे. पांढऱ्या अंगाचा, तोंडाजवळ काळा तो वानेरा. वरून पांढराशुभ्र आणि खालच्या अंगाला काळे ठिपके तो बालंक्या. पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके तो शेवरा. आण्णांनी सगळी उमर या तिघांची पारख करण्यात घालवली. देवणीचा बाजार, हाळी हंडरगुळीचा बाजार, मार्गशीर्षात माळेगावची जत्रा. मी लहानपणी त्यांच्या मागं फिरायचो. बैल आवडला तरी आण्णा आधी त्याच्याकडं बघायचेच नाहीत, मालकाकडं बघायचे. कुठल्या गावचा, कुणाचा कोण, विकायचं कारण काय. मग तोंड उघडून दात : आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला. मग खांदा चाचपायचा, खूर उचलून बघायचे, वीस पावलं चालवून आणायचा. औताला जुंपून बघितल्याशिवाय तर इसाराचा रुपयासुद्धा नाही. आणि इसार द्यायचा तो दोन माणसांसमोर.

भाव तोंडानं बोलायचा नाही. दोघांच्या हातांवर दस्ती टाकायची आणि खाली बोटं धरायची. पाच बोटं म्हणजे पाच, दोन म्हणजे दोन. आजूबाजूला शंभर माणसं असली तरी सौदा दोघांतच राहायचा. मान्य नसलं की समोरच्याचा हात सोडून द्यायचा. हात सुटला की सौदा मोडला, त्यावर पुन्हा बोलणं नाही.

त्या रात्री मी आण्णांना फोटो दाखवला. म्हणालो, तुमच्यासाठी आणायलोय, उद्या येईल, बोलतो म्हणे. आण्णांनी बराच वेळ फोटो बघितला. मग डाव्या हातानं खांद्यावरची दस्ती ओढली, माझ्या हातावर टाकली आणि खाली माझी बोटं चाचपली. मला वाटलं किंमत विचारतायत. मी आधी त्यांचं एक बोट धरलं, मग चार. चौदा. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हात सोडून दिला.

मला ती खूण कळली होती. लकवा झालेल्या माणसाचा हात दमला असेल, असं मी मनाला सांगितलं.

रविवार, सकाळी ८.४०. अजून ७ तास ४० मिनिटं.

गाडी निघतेय, म्हणाला. पण पक्ष्याला उबदार पेटी लागते, तिचे ४,८०० रुपये अनामत. पेटी परत दिली की पैसे परत. ‘परत मिळणारे’ हा शब्द त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकला आणि मग दिवसभर ऐकत राहिलो. खर्च म्हणून मागितले असते तर मी घासाघीस केली असती. परत मिळणाऱ्या पैशाची घासाघीस कोण करतो?

पैसे कुठले होते ते सांगतो. आण्णांचा शेवटचा बैल, वानेरा, आम्ही दसऱ्याच्या आधी विकला. त्यातले त्यांच्या औषधपाण्यासाठी ठेवलेले माझ्या खात्यावर होते.

रविवार, सकाळी १०.५०. अजून साडेपाच तास.

वाटेत पक्षी दगावला तर जबाबदारी कुणाची, म्हणून विमा. ७,२०० रुपये, पक्षी पोचताच परत. आता माझे ६,८०० आधीच गेले होते. नाही म्हणालो तर तेही बुडतील, या एका भीतीपायी मी पुढचे दिले. त्यानंतरचा प्रत्येक रुपया मी आधीचे वाचवण्यासाठीच दिला.

दरम्यान मी बाजारातून हिरव्या मिरच्या आणि पेरू आणले, वाटीभर हरभरे भिजत घातले. आण्णांच्या उशाला पिंजऱ्यापुरती जागा केली.

रविवार, दुपारी १.१५. अजून ३ तास ५ मिनिटं.

बायकोनं जेवताना विचारलं, ‘पैसे कुणाच्या नावावर जायलेत?’ मी मोबाइल दाखवला. तीन वेळा पैसे गेले होते आणि तिन्ही वेळा नाव वेगळं. आधारकार्डावरचं नाव चौथंच. ती म्हणाली, ‘मग ह्यातला पोपटवाला कोणता?’

अशी खाती भाड्यानं घेतलेली असतात. कुणी थोड्या पैशांसाठी आपलं खातं आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली करतो, आणि चोरीचा पैसा मिनिटांत पाच-सात खात्यांतून पुढं सरकतो. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं खरं नाव समोर दिसतं. तिन्ही वेळा ते मला दिसलं होतं, आणि तिन्ही वेळा मी ते वाचून पुढं गेलो होतो.

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, एक खातं पेटीवाल्याचं, एक विम्याचं, एक फार्मचं. आणि लगेच आवाज चढवून म्हणाला, विश्वास नसेल तर सगळे पैसे परत घ्या.

रविवार, दुपारी २.२०. अजून दोन तास.

मी म्हणालो, द्या परत. त्यानं क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा, १२,००० टाकले आहेत, पिन घातला की जमा होतील, उरलेले २,००० संध्याकाळी. मी स्कॅन केलं, पिन घातला, आणि १२,००० गेले.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही. पिन म्हणजे खात्यातून पैसे काढायला दिलेली सही. हे मी शाळेत पालकांच्या बैठकीत स्वतः सांगितलेलं आहे. पण त्या दुपारी ‘परत’ हा शब्द कानात होता आणि डोकं चालत नव्हतं. तो म्हणाला, सर्व्हरची चूक झाली, थांबा, आमच्या साहेबांचा फोन येईल.

रविवार, दुपारी ३.३५. अजून ४५ मिनिटं.

फोन आला. शुद्ध मराठी, दरडावणीचा स्वर. आपण वनाधिकारी बोलतोय. सीमेवर गाडी पकडलीय, आत बेकायदा पोपट आहे, पावतीवर तुमचं नाव, पत्ता, आधार. वन्यजीव कायद्याखाली गुन्हा दाखल होतोय. सरकारी नोकरी आहे ना तुमची?

त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं, म्हणून मी घाबरलो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर तो आणखी कडक झाला. आपल्याकडचा हिरवा पोपट, ज्याला आपण राघू, मिठू म्हणतो, आणि मोठा पहाडी पोपट, दोघांनाही त्यात संरक्षण आहे. ते पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात पाळणं, सगळाच गुन्हा. जत्रेत पाटी लावून भविष्य सांगणाऱ्याच्या पिंजऱ्यात दिसतो, म्हणून तो चालतो असं नाही. आफ्रिकन ग्रे परदेशी. पण जंगलातून बेसुमार पकडल्यामुळं २०१७ पासून तोही आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे, आणि असे पक्षी ठेवणाऱ्यानं ‘परिवेश’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी, असा नियम २०२४ मध्ये आलाय. म्हणजे प्रामाणिक विक्रेता नोंदणीचा कागद आधी दाखवेल, पायातल्या कड्यावरचा नंबर कागदाशी जुळवून देईल. मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर शनिवारी रात्रीच विषय संपला असता.

वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. तिथं एक फोन करून हा अधिकारी खरा का, असं विचारता आलं असतं. मला तो क्रमांक तेव्हा माहीत नव्हता. बायको शेजारी म्हणत होती, फोन ठेवा. मी घरातून बाहेर पडून गोठ्यात गेलो. गोठा रिकामाच होता. तिथं उभा राहून पुढचा पाऊण तास मी त्या माणसाला साहेब, साहेब म्हणत होतो. २५,००० ला मिटवतो म्हणाला. मी २० वर आणला.

रविवार, दुपारी ४.२०.

२०,००० गेले. एकूण ४६,०००. पुढच्या मिनिटाला दोन्ही नंबर बंद.

रविवार, संध्याकाळी ६.१०. एक तास ५० मिनिटं उलटून गेल्यावर.

हे एक तास ५० मिनिटं मला सर्वांत जास्त सलतात. मी गोठ्यातच बसून होतो. कुणाला सांगू, गाव काय म्हणेल, मास्तर फसला म्हणतील. त्या वेळात पैसा खात्या-खात्यांतून पुढं जात होता. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक देशभर चालतो. तिथं तक्रार गेली की पैसा ज्या खात्यात असेल तिथं रोखायचा प्रयत्न होतो. पण एकदा रोख काढून घेतल्यावर रोखायला काही उरत नाही. ४.२१ ला फोन केला असता तर शेवटचे २०,००० कदाचित अडले असते.

६.१० ला पोरीनं उदगीरहून फोनवर रागावून मला १९३० लावायला लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं : बँक कोणती, किती वाजता, किती रुपये, प्रत्येक व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक. तक्रारीचा क्रमांक मिळाला. बँकेलाही कळवलं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची चूक नसेल आणि कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर नुकसान बँक सोसते, असं आहे. पण पिन मी माझ्या बोटांनी घातला होता.

रात्री पोरीनं त्या पोपटाचा फोटो मोबाइलवरच्या फोटो शोधायच्या सोयीत टाकला. तोच पिंजरा, तोच निळा पडदा, दुसऱ्या देशातल्या जाहिरातीत, वेगळ्या नावानं. आजचा पेपर पक्ष्याशेजारी धरून एक फोटो पाठव, एवढं शनिवारी म्हणालो असतो तरी पुरलं असतं.

रविवार, रात्री १०.

मी आण्णांजवळ बसलो. भिजवलेले हरभरे बायकोनं उसळीला घेतले होते. आण्णांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण दिवसभराचं रडणं-ओरडणं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी दस्ती माझ्या हातावर टाकली आणि वाट बघत राहिले. मी आधी त्यांची चार बोटं धरली. मग पाच, आणि त्यावर एक.

त्यांनी हात सोडला नाही. बऱ्याच वेळानं तोंडातून एक आवाज निघाला, पहिल्यांदा मला तो खोकला वाटला. मग पुन्हा निघाला. वानेऱ्याला हाक मारायचे, तसा. शब्द पुरा झाला नाही. मी म्हणालो, ‘हो आण्णा, त्याचेच.’

सोमवारी सकाळी तक्रारीचा कागद घेऊन मी देवणी पोलीस ठाण्यात गेलो.