जनाब, साहेब आणि अनामत रक्कम

निवडणुकीच्या जाहिराती कुणी लोकांना हसवण्यासाठी काढत नाही. तरीही महाराष्ट्रातल्या विधानसभा निवडणुका आठवून पाहा, मुद्दाम केलेल्या विनोदापेक्षा नकळत झालेला विनोदच जास्त लक्षात राहिलेला दिसेल. भाषा शिकवणारा माणूस म्हणून मला त्यात एक गोष्ट वारंवार दिसते. पक्ष शब्द पैसे मोजून विकत घेतात, पण शब्द कुठल्याच पक्षाशी एकनिष्ठ राहत नाहीत.

2014ची निवडणूक घ्या. काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पंधरा वर्षांच्या सत्तेविरुद्ध भाजपने जाहिरात केली, 'कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?' सूर गंभीर होता, पण वाक्य पडले घरातले. आई विचारते ना, 'कात्री कुठे नेऊन ठेवलीस?' तसेच. लोकांनी महाराष्ट्र काढून त्या जागी हवे ते भरले आणि व्हॉट्सअॅपवर विडंबनांचा पूर आला. खरी गंमत पुढे झाली. भाजप सत्तेवर आला आणि विरोधक तोच प्रश्न त्यालाच विचारू लागले. जाहिरात लिहिणाऱ्याच्या एवढे ध्यानात आले नसावे की, हा प्रश्न जो खुर्चीवर बसेल त्यालाच लागू होतो.

2019मध्ये देवेंद्र फडणवीस यांच्या 'मी पुन्हा येईन' या शब्दांचे तेच झाले. निकालानंतर महिनाभर सरकार बनेना, मग 23 नोव्हेंबरच्या सकाळी शपथविधी झाला आणि 26 तारखेला राजीनामा. महाराष्ट्र पोट धरून हसला. ते 2022मध्ये उपमुख्यमंत्री म्हणून आणि डिसेंबर 2024मध्ये मुख्यमंत्री म्हणून खरोखर पुन्हा आले, तेव्हा तीच घोषणा समर्थकांनी अभिमानाने मिरवली. शब्द तेच, हसणारे बदलले.

आता आपल्या गल्लीकडे वळू. त्याच 2019च्या निवडणुकीत आदित्य ठाकरे वरळीतून उभे राहिले. ठाकरे घराण्यातला माणूस पहिल्यांदाच निवडणूक लढवत होता. वरळीत 'केम छो वरळी' असे गुजराती फलक लागले, सोबत तेलुगू होते, उर्दूही होते. शिवसेना 1966मध्ये मराठी माणसासाठी जन्मली, दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी रस्त्यावर उतरली. तिचा फलक गुजरातीत 'कसे आहात' विचारतो म्हटल्यावर लोक हसणारच. माझ्या मते त्यात चूक काहीच नव्हती. ज्याचे मत मागायचे त्याच्या भाषेत बोलावे, हा साधा शिष्टाचार आहे. हसू आले ते आधीच्या पन्नास वर्षांमुळे.

जानेवारी 2021मध्ये मुंबईत शिवसेनेच्या नावाने एक उर्दू कॅलेंडर निघाले. त्यात 'जनाब बाळासाहेब ठाकरे' असे छापले होते. भाजपच्या नेत्यांनी टीकेची झोड उठवली. बाळासाहेबांना 'जनाब' म्हणजे जणू त्यांचे धर्मांतरच! उर्दूत 'जनाब' म्हणजे मराठीतला 'श्री', एवढाच त्याचा अर्थ. शब्द अरबीतून आला, हे खरे. पण 'साहेब' कुठून आला? तोही अरबीच, मूळ 'साहिब'. म्हणजे ज्या नावाला अरबी शब्द चिकटला म्हणून आरडाओरड झाली, त्या नावात एक अरबी शब्द आधीपासूनच आदराने बसला होता. टीका करणारेही भाषणात 'साहेब' म्हणतच होते.

वर्गात मी मुलांना निवडणुकीचे शब्द फळ्यावर लिहायला सांगतो. 'उमेदवार' फारसी, उमेद बाळगणारा. 'निशाणी' फारसी. 'जाहिरात' आणि 'जाहीरनामा' यांतला 'जाहीर' अरबी. 'आमदार' आणि 'खासदार' यांतले 'आम' आणि 'खास' अरबी, 'दार' फारसी. 'मतदार' या शब्दात तर संस्कृत 'मत' आणि फारसी 'दार' एकाच छपराखाली राहतात. शिवसेनेच्या 'वचननाम्या'तही वचन संस्कृत आणि नामा फारसी. 'अर्ज दाखल' हे दोन्ही शब्द अरबी. आणि 'अनामत रक्कम जप्त' हे तिन्ही अरबी! मुले इथे हमखास हसतात. या भाषेचा ज्याला तिटकारा आहे, तोही निवडणुकीत अर्ज भरतो अरबीत आणि हरतोही अरबीत.

आता आपल्या मोहल्ल्यातल्या जाहिराती. प्रचाराच्या दिवसांत उर्दू अक्षरे खांबाखांबावर दिसतात. पण कित्येकदा डिझाईन करणाऱ्याला लिपी येत नसते. संगणकावर अक्षरे सुटी पडतात, कधी उलट्या क्रमाने लागतात. एकजुटीचे आवाहन असते आणि अक्षराला अक्षर जोडलेले नसते. बुजुर्ग माणसे चष्मा वर-खाली करत खांबाशी उभी राहतात आणि शेवटी मराठी पोस्टर वाचून घरी जातात. 'मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा' तर सर्वांनी पाहिल्या असतील. करबलाच्या मातमाचे दिवस, आणि हारतुऱ्यांमध्ये नेत्याचा हसरा फोटो. आपण हसून सोडून देतो, कारण माणूस निदान आठवण ठेवून आला असे वाटते.

पण सगळेच हसून सोडता येत नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव होते. तिथे 1956पासून उर्दूचा वापर होत आला आहे. तरी ते नाव काढावे म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 15 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने ती मागणी फेटाळली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच मातीत जन्मली, असे निकालात स्पष्ट म्हटले. प्रचाराच्या फलकावर जी लिपी मते मागायला चालते, तीच नगरपरिषदेच्या पाटीवर काहींना खुपते. जाहिरातींतला हा सर्वांत मोठा विनोद आहे, आणि तो आपल्याला महाग पडतो.

कारण फलकावरची उर्दू मतदानानंतर उतरवली जाते, शाळेतली उर्दू मात्र बारा महिने चालवावी लागते. तिला शिक्षक लागतात, वेळेवर पुस्तके लागतात, शुद्ध मराठी शिकवणारा माणूसही लागतो. म्हणून पुढच्या वेळी कुणी उर्दू पोस्टर घेऊन दारात आला, तर त्यातल्या चुकांवर जरूर हसावे. मग त्याला खुर्ची द्यावी, चहा द्यावा आणि विचारावे, 'जनाब, आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा तुमच्या जाहीरनाम्यात कितव्या पानावर आहेत?'