सरदारांची गावे, खोतांची गावे

मालाडच्या पश्चिमेस मढच्या टोकाला पोर्तुगीजांचा किल्ला आहे. १७३९ च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी तो घेतला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. किल्ल्याच्या पाठीमागे जी गावे होती त्यांची कथा मात्र फारसे कोणी सांगत नाही. आम्ही कामगारांत काम करणारे. आम्हांला तीच अधिक जवळची वाटते.

१५३४ च्या वसईच्या तहाने बहादूरशहाने आपली साष्टी पोर्तुगीजांना दिली. त्यांनी गावे आपल्या घरंदाज सरदारांना वाटली. या सरदारांना ते 'फिदाल्गो' म्हणत. सरदाराने राजाला ठरीव सारा द्यायचा, त्याचे नाव 'फोरो'. सरदार वसईच्या तटाआड नांदायचे आणि इकडे भात लावायचा कुणब्याने, मासळी आणायची कोळ्याने. मुंबईच्या फोरास रोडच्या नावात तोच फोरो आहे. त्या रस्त्याची कीर्ती मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी झाली!

सरदार गेले. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांनी घेतली आणि कंपनीनेही गावे वाटलीच. १८०८ साली कुर्ला होर्मसजी बमनजी वाडिया यांना मिळाले, तेही मुंबईतल्या जागेच्या बदल्यात. १८२९ साली पवई फ्रामजी कावसजींना, पुढे गोरेगाव कर्सेटजी कावसजींना आणि आमच्या मालाडची चिंचोली लक्ष्मण हरिश्चंद्रजींना. धनी पारशी असो, हिंदू असो, भात लावणारा तोच राहिला. विसाव्या शतकात मालाडची बरीच जमीन सॉलिसिटर फ्रामरोझ एदलजी दिनशा यांच्याकडे आली. १९३६ साली ते वारले. त्यांच्या नावाचा न्यास राहिला.

तिकडे कुलाबा जिल्ह्यात चरीचे शेतकरी १९३३ पासून सहा वर्षे खोतांविरुद्ध संपावर होते. गिरणीत आठ दिवस संप टिकवताना काय होते ते आम्ही पाहिले आहे, म्हणून या सहा वर्षांपुढे आम्ही हात जोडतो. १९४९ च्या कायद्याने खोती गेली.

साष्टीसाठी वेगळा कायदा झाला, १९५१ साली. त्याने इस्टेटींची सारामाफी रद्द झाली आणि १४ ऑगस्ट १९५१ पूर्वी इस्टेटदाराने वापरात न आणलेली पडीक जमीन सरकारची ठरली. वापरात आणणे म्हणजे काय? कुंपण घालणे, की गवत विकणे? या एका शब्दावर कोर्टात पुढे कित्येक वर्षे वाद चालले. त्याच जमिनींवर एव्हाना चाळी उभ्या राहिल्या होत्या, आणि त्या वादांत चाळकऱ्याला पक्षकार म्हणून क्वचितच कोणी बोलावले.