फुकटच्या हत्याराची अट

मागच्या व्याख्यानानंतर एकानं आम्हाला विचारलं, ‘सर, हत्यार कुणाच्या मालकीचं, यानं काय बिघडतं? काम झालं की झालं!’ आम्हीही तसंच म्हणायचो. मग एका कंपनीच्या फाँटात टंकलेली आमची जुनी टिपणं उघडेनाशी झाली. असो. या प्रश्नावर संगणकवाल्यांत एकदा चांगलीच जुंपली होती, ती हकिगत आज बघू.

लिनक्सचा सोर्स कोड सगळ्यांना खुला. जगभरातून दुरुस्त्या ई-मेलनं येत आणि लिनस टोरवाल्ड्स त्या जुळवून घेत. पुढे ढीग उरकेना. म्हणून २००२मध्ये त्यांनी बिटकीपर वापरायला घेतलं. कोणती ओळ कुणी, कधी बदलली, याची ही वही म्हणा ना. पण ती लॅरी मॅकव्हॉय यांच्या कंपनीच्या मालकीची. लिनक्सवाल्यांना फुकट, मात्र एका अटीवर: फुकट वापरणाऱ्यानं तशा प्रकारचं दुसरं हत्यार बनवण्याच्या कामात पडायचं नाही.

अट नीट बघा हं. हातोडा उसना घ्या, खिळे ठोका, पण लोहाराकडे उमेदवारी करू नका! रिचर्ड स्टॉलमन यांनी तेव्हाच विरोध केला. टोरवाल्ड्स यांचं म्हणणं साधं होतं: जे उत्तम ते वापरू, याहून चांगलं खुलं हत्यार आलं तर ते घेऊ. आता ते बनवायचं कुणी? ज्यांना त्याची गरज सर्वांत जास्त कळत होती, त्यांचेच हात अटीनं बांधलेले.

अँड्र्यू ट्रिजेल यांनी हा परवाना घेतलाच नव्हता. टेलनेटनं बिटकीपरच्या सर्व्हरला जोडून त्यांनी ‘हेल्प’ असं टाइप केलं, आणि सर्व्हरनं आज्ञांची यादीच दिली. एप्रिल २००५मध्ये कंपनीनं फुकट वापर बंद केला. टोरवाल्ड्स चिडले ते ट्रिजेल यांच्यावर! आणि ३ एप्रिलला स्वतःच नवं हत्यार लिहायला बसले. ७ तारखेला गिट स्वतःचीच वही ठेवू लागलं होतं.

म्हणजे स्टॉलमन बरोबर ठरले? त्या अटीपुरते, हो. पण चांगली वही कशी असते हे टोरवाल्ड्स यांना तीन वर्षांच्या बिटकीपरनं शिकवलं, असं आम्हाला वाटतं. मॅकव्हॉय यांनाही खलनायक करू नका. त्यांना माणसांचे पगार द्यायचे होते. २०१६मध्ये बिटकीपर खुलं झालं, तोवर फार उशीर झाला होता.

आज गिटवरची पुष्कळ कामं गिटहबवर चालतात, आणि २०१८मध्ये ते साडेसात अब्ज डॉलरांना घेतलं मायक्रोसॉफ्टनं. २००१मध्ये याच कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर लिनक्सला कॅन्सर म्हणाले होते. त्या बातमीनंतर काहींनी आपला कोड दुसरीकडे हलवला. ते सोपं होतं, कारण वहीची पूर्ण प्रत ज्याच्या त्याच्याकडे होतीच. तिथल्या चर्चा, तक्रारी, वर्षानुवर्षांचे वाद मात्र गिटच्या वहीत नसतात.