उरलेल्या बुडबुड्याची नोंद

१७८५ साली हेन्री कॅव्हेंडिशने नळीत हवा घेऊन तीत जादा ऑक्सिजन मिसळला आणि विजेच्या ठिणग्या पाडल्या. नायट्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होऊन बनलेला वायू अल्कलीच्या द्रावणात शोषला जाई. अखेरीस शिल्लक ऑक्सिजनही काढून टाकला, तरी एक बारीक बुडबुडा उरलाच. मुख्य निष्कर्षाला त्याने बाध येत नव्हता. तरीही कॅव्हेंडिशने आपल्या निबंधात कृती क्रमवार लिहून त्या बुडबुड्याचे मापही दिले: मूळ नायट्रोजनच्या १/१२० भागाहून जास्त नाही.

शतकानंतर लॉर्ड रॅलेला हवेतून काढलेला नायट्रोजन संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड आढळला. कारण शोधताना हा जुना निबंध उपयोगी पडला. कृती स्पष्ट लिहिलेली असल्याने रॅलेला ती पुन्हा करून पाहता आली. १८९४ साली त्याने व विल्यम रॅम्सेने हवेतील नवा वायू जाहीर केला. तो अरगॉन. बुडबुड्यात मुख्यतः तोच होता.

आपल्या प्रयोगवहीतही साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे रकाने असतात. पण 'बरोबर' उत्तराला गुण मिळतात, म्हणून विद्यार्थी न जुळणारा आकडा खोडरबराने पुसतो. मग निरीक्षणाच्या रकान्यात पुस्तकातले अनुमानच उतरते. तो आकडा राहू द्यावा, शेजारी 'असे का झाले असावे?' हे लिहायला सांगावे आणि त्यालाही गुण द्यावेत. बहुतेक वेळा चूक मोजण्यातलीच निघेल. पण ती शोधायची तरी आकडा वहीत असायला हवा.