चौकटींतली चित्रकला

मुलांच्या खेळांतून निघालेल्या चित्रांस कला म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न अलीकडे सुशिक्षितांच्या बैठकींत निघूं लागला आहे. व्हिडिओ गेममधील आकृतींच्या धर्तीवर लहान लहान चौकोनी घरें रंगवून तरुण मंडळी संगणकावर चित्रें काढितात व एकमेकांस वांटतात. या प्रकारास पिक्सेल-कला असें नांव आहे. हें केवळ यंत्राचें अपत्य, आपल्या परंपरेशीं त्याचें कांहीं नातें नाहीं, असा सर्वसाधारण समज आहे. तो इतिहासास धरून नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम यंत्राकडील हकीकत पाहूं. १९८१ सालीं जपानांत शिगेरु मियामोतो यानें ‘डाँकी काँग’ हा खेळ रचिला. नायकाच्या चेहऱ्यास मिळालेलीं घरें इतकीं थोडीं होतीं कीं, त्यांत तोंड स्पष्ट दाखवितां येईना. म्हणून त्यास मिशा दिल्या. केस काढणें कठीण, म्हणून टोपी घातली. पुढें जगप्रसिद्ध झालेला मारिओ तो हाच. त्याचें रूप हौसेनें ठरलें नाहीं, अडचणीनें ठरलें. १९८४ सालच्या मॅकिंटॉश संगणकाचीं चिन्हें सुझन केअर या बाईंनीं ३२ उभ्या व ३२ आडव्या, म्हणजे अवघ्या १०२४ घरांत बसविलीं. हें काम आपणांस भरतकामासारखेंच वाटलें, असें त्यांनींच सांगितलेलें आहे.

हें भरतकाम पाहण्यास यवतमाळकरांनीं दूर जावयास नको. पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूंस बंजाऱ्यांचे तांडे आहेत. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरणारा हा समाज आगगाडी व पक्क्या सडका आल्यावर आपल्या व्यापारास मुकला व हळूहळू गांवांच्या कडेला स्थिरावला. व्यापार गेला, पण बायकांची सुई राहिली. फेटिया व कांचळी यांवरील कवड्या आणि आरसे पाहणाराच्या डोळ्यांत प्रथम भरतात; परंतु खरें कौशल्य त्यांच्या मधल्या टांक्यांत आहे. कापडाचे उभे-आडवे धागे हीच तेथें जाळी. इतके धागे सोडावयाचे, इतके उचलावयाचे, असें मोजून सुई चालते. त्यामुळें तिरपी रेघ सरळ न जातां पायऱ्या चढत जाते. पडद्यावरील मारिओच्या टोपीची कडही तशाच पायऱ्यांनीं वळते. मोजलेल्या घरांतून चित्र उभें करणें, हा दोहींचा धर्म एकच.

आतां साम्य आणखी एके ठिकाणीं आहे, व तें सुखावह नाहीं. अटारी कंपनी आपल्या खेळांवर रचनाकारांचीं नांवें घालीत नसे. तेव्हां १९८० च्या सुमारास वॉरन रॉबिनेट यानें ‘ॲडव्हेंचर’ या खेळांत एक गुप्त खोली करून तींत स्वतःचें नांव लिहून ठेविलें. खोलीची किल्ली काय, तर एका घराएवढा करडा ठिपका! त्यास निदान लपविण्यास जागा मिळाली. तांड्यावरील बाईस तीहि मिळाली नाहीं. याच समाजांतून व याच जिल्ह्यांतील गहुली गांवांतून आलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे. ज्या हातांनीं त्या समाजाची ओळख कापडावर टिकविली, त्यांचें नांव कोठेंच नाहीं. आज तरुण मुली हा पोषाख रोज नेसत नाहींत. जुनीं वस्त्रें कापून त्यांच्या पिशव्या होतात, आणि पिशवीबरोबर नमुनाहि जातो.

येथें पिक्सेल-कलेचा खरा उपयोग आहे. जें मोजून भरलें तें मोजून उतरवितां येतें. आमच्या महाविद्यालयांतील जे विद्यार्थी मारिओ घराघरानें रंगवितात, त्यांस कांचळीवरील एक पट्टी उतरविणें अवघड नाहीं. मात्र ती भरणारीची संमति घेऊन, तिच्या शेजारीं बसून उतरवावी, आणि चित्राखालीं तिचें व तिच्या तांड्याचें नांव लिहावें. नमुना वांटल्यानें झिजत नाहीं. नांव गाळल्यानें मात्र तो पोरका होतो.