खेकड्याचा पिंजरा

खाडीकाठी वाढलेल्या माणसाला खेकडा कसा धरावा हे शिकवावे लागत नाही. सुतळीच्या टोकाला माशाचं डोकं बांधायचं, सुतळी पाण्यात सोडायची आणि ताण जाणवला की हलक्या हाताने ओढून घ्यायची. कुर्ली मोठी हावरी. नांगीत धरलेला घास ती सहसा सोडीत नाही. पाण्यावर येता येता तिला शहाणपण सुचतं, पण तोवर आपण खालून जाळं घातलेलं असतं.

हीच युक्ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक नावाच्या विशाल खाडीत धंद्याच्या प्रमाणावर चालत असे. सुतळीच्या जागी लांबच लांब दोर, त्याला ठराविक अंतरावर आमिषे, दोन्ही टोकांना नांगर. कोळी होडीतून दोर उचलीत पुढे जाई आणि वर येणारा एकेक खेकडा जाळीने टिपी. हा खेकडा म्हणजे तिथला प्रसिद्ध निळा खेकडा. आपल्या बाजारात पाठीवर तीन ठिपके असलेला समुद्री खेकडा येतो ना, त्याच कुळातला. १८९६ साली मेरी रॅथबन या विदुषीने त्याला ‘सॅपिडस’, म्हणजे ‘रुचकर’, असे शास्त्रीय नाव दिले. शास्त्रज्ञ सहसा इतक्या मोकळेपणाने बोलत नाहीत!

दोराच्या या पद्धतीत एक अडचण होती. माणूस सतत हजर हवा. तो घरी गेला की खेकडे आमिष फस्त करून चालते होत. मग माणूस नसतानाही खेकडा धरून ठेवील असं काही करता येईल का?

व्हर्जिनिया राज्यातल्या हॅरीहोगन गावच्या बेंजामिन लुईस याने ते करून दाखवले. १९२८ साली त्याने आपल्या पिंजऱ्याचे पहिले पेटंट घेतले आणि पुढे दहा वर्षे त्यात सुधारणा करीत राहून १९३८ साली दुसरे घेतले. पिंजरा दिसायला अगदी साधा. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या षटकोनी तारेच्या जाळीची चौकोनी पेटी. खाली बाजूंना आत निमुळती होत गेलेली नरसाळ्यासारखी तोंडे, मधोमध आमिषाची डबी. पण खरी करामत वर आहे. पेटीच्या मध्यावर जाळीचा एक पडदा घालून लुईसने तिला चक्क माडी काढली! खाऊन झाल्यावर निसटू पाहणारा खेकडा वरच्या दिशेने पोहू लागतो. पडद्यातल्या फटीतून तो माडीवर जातो आणि तिथेच अडकतो. खाली दार उघडे असते, पण परत खाली उतरण्याचे त्याला सुचत नाही. ज्याने हे हेरले त्याने खेकडा नीट पाहिला होता, एवढे खरे.

असा पिंजरा केवळ धंदेवाईक कोळ्यांपुरता राहिला नाही. खाडीकाठी ज्याचे घर त्याच्या धक्क्यावर एखाददुसरा पिंजरा टांगलेला दिसू लागला. आमिष म्हणून हे हौशी लोक कोंबडीच्या माना वापरीत. म्हणून जातिवंत कोळी त्यांना ‘कोंबडीमाने’ अशा अर्थाच्या टोपणनावाने चिडवीत. चिडवण्यात थोडा राग होता, पण थोडे तथ्यही होते. कारण पिंजरा विकत आणणे सोपे. तो पाण्यात नीट बसवणे ही निराळी विद्या.

आता वाचकहो, वजनाची गोष्ट. तारेचा पिंजरा हलका असतो. प्रवाहात तो लोळतो, आडवा होतो, आणि आडवा झाला की माडी बाजूला जाते, तोंडे भलतीकडे वळतात, सगळी करामत फुकट. म्हणून तळाला वजन बांधायचे. पण कसले? हौशी माणूस हाताशी असलेला सिमेंटचा तुकडा बांधतो. इथे आर्किमिडीजला विसरून चालत नाही. पाच किलोंचा काँक्रीटचा ठोकळा समुद्राच्या पाण्यात जेमतेम पावणेतीन किलोंच्या आसपास भरतो. तितक्याच वजनाचे लोखंड मात्र सव्वाचार किलोंच्याही वर भार देते. म्हणून जाणते लोक इमारतीची लोखंडी सळई कापून तळाच्या चौकटीला बांधतात. तीही समोरासमोरच्या कडांना सारखी, म्हणजे पिंजरा पाण्यातून उतरताना कोलमडत नाही, आपल्या तळावरच टेकतो. याशिवाय काही जण जस्ताची एक वडी पिंजऱ्याला लावतात. खाऱ्या पाण्यात ती आधी झिजते आणि लोखंडी तार वाचते.

वजनाइतकाच दोर महत्त्वाचा. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक किनाऱ्यावर, वॉशिंग्टन राज्यातल्या प्यूजेट साउंडमध्ये हा धडा फार महाग पडला आहे. तिथला खेकडा वेगळा, डंजनेस नावाचा. पिंजरेही निराळ्या घाटाचे. पाणी खोल, भरती-ओहोटी जोराची. ओहोटीच्या वेळी मोजून दोर बांधला तर भरतीला तो आखूड पडतो. मग एक तर बोया पाण्याखाली जातो, नाही तर तोच पिंजऱ्याला उचलतो आणि पिंजरा तळावरून चालू लागतो, खोल पाण्यात जातो. दोर फार लांब सोडला आणि तो तरंगणारा असला, तर पृष्ठभागावर पसरलेले वेटोळे एखाद्या होडीचा पंखा कापून टाकतो. म्हणून तिथे सांगतात: दोर पाण्याच्या खोलीपेक्षा एक तृतीयांश जास्त ठेवा, बुडणारा दोर वापरा, नाहीतर बोयाखाली काही अंतरावर छोटेसे वजन अडकवा. दोर पाण्यावर तरंगता कामा नये, असा तिथे नियमच आहे.

आणि दोर तुटलाच तर? नुकसान पिंजऱ्याच्या किमतीपुरतेच, असं तुम्हाला वाटेल. पण ज्या गुणासाठी लुईसने दहा वर्षे घालवली तोच गुण इथे उलटतो. मालक नाही, बोया नाही, तरी पिंजरा आपले काम करीतच राहतो. आत अडकलेला खेकडा उपाशी मरतो. तो मेला की तोच आमिष होतो आणि पुढचा आत येतो. वजन जितके चांगले, तार जितकी टिकाऊ, तितके हे अधिक दिवस चालते. प्यूजेट साउंडमध्ये दरवर्षी सुमारे १२ हजार पिंजरे हरवतात असा अंदाज केला गेला आहे. व्हर्जिनियात २००८ साली सुरू झालेल्या मोहिमेत, काम गेलेल्या कोळ्यांनाच मजुरी देऊन, ध्वनिलहरींच्या यंत्राने तळ धुंडाळून, सहा हिवाळ्यांत ३४ हजारांहून अधिक हरवलेली साधने वर काढण्यात आली. त्यांतली बहुतेक खेकड्यांचे पिंजरेच. आत मासे होते, कासवेही होती.

कासवांचे दुःख वेगळेच. निमखाऱ्या पाण्यात राहणारे, पाठीवर कंगोरे असलेले तिथले कासव हवेवर जगते. ते पिंजऱ्यात शिरले की काही तासांत गुदमरते. ते राहते नेमके किनाऱ्यालगतच्या उथळ ओहोळांत, आणि हौशी लोकांचे पिंजरेही तिथेच. म्हणून मेरीलँड राज्यात खासगी धक्क्यावरच्या पिंजऱ्याच्या प्रत्येक तोंडाला पावणेदोन इंच उंच आणि पावणेपाच इंच रुंद अशी ताठ चौकट लावावी लागते. खेकडा आडवा चालत त्यातून आत जातो, मोठ्या कासवाची पाठ मात्र अडते.

हरवलेल्या पिंजऱ्यावरचा उपाय मला विशेष आवडतो, कारण तो फारच स्वस्त आहे. वॉशिंग्टन राज्याचा नियम असा की पिंजऱ्याच्या झाकणाची आकडी, किंवा जाळीतला एखादा भाग, साध्या सुती दोऱ्यानेच बांधला पाहिजे. नायलॉन नको, डांबर-मेण लावलेला दोरा नको. सूत समुद्रात कुजते. पिंजरा हरवला तर काही काळाने दोरा तुटतो, झाकण मोकळे होते आणि आतले खेकडे बाहेर पडतात. एकाच पिंजऱ्यात जस्त लावायचे ते तार टिकावी म्हणून, आणि सूत लावायचे ते तुटावे म्हणून!

अर्थात या सुताची किंमत मालकाला मोजावी लागते. पिंजरा वापरात असतानाही दोरा कुजतोच. न पाहता पिंजरा सोडला तर झाकण भलत्या वेळी उघडते आणि घरी रिकाम्या हाताने जावे लागते. तेव्हा हंगाम सुरू होण्याआधी अंगणात पिंजरे मांडून बसायचे, सळईच्या गाठी ओढून पाहायच्या, दोर पुन्हा मोजायचा, आणि जुना दोरा कापून नवा सुती दोरा बांधायचा.