गिरणीचा संप आणि गावची भाकरी

मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास लालबाग-परळचा म्हणून सांगतात. पण आमच्या माणदेशात पाऊस दगा द्यायचा, म्हणून घरटी एक माणूस गिरणीत असायचा. त्यामुळं तो इतिहास आमच्या बांधावरचाबी आहे.

सुरुवात नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून. सत्यशोधक विचाराचा हा माणूस. त्या काळी दिवस उगवल्यापासून मावळेस्तोवर गिरणी चालायची, आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी 1884 साली कामगारांच्या सभा घेतल्या, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. सहा वर्षं झगडल्यावर, 1890 साली रविवारची सुट्टी पदरात पडली. ती कुणी दान दिलेली नाही.

पुढं 1928 साली मालकांनी कमी माणसांत जास्त साचे चालवायचं काढलं. संप सहा महिने चालला. त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. गिरणीत राबलेले अर्जुन आळवे तिचे अध्यक्ष, डांगे सरचिटणीस. सरकारनं 1929 मधी पुढाऱ्यांना मेरठच्या खटल्यात अडकवलं. पगार नसताना माणसं एवढी टिकली कशी? कितीतरी जण गावाकडं आले, घरच्या भाकरीवर राहिले.

मग आला 1946 चा कायदा. मान्यता एकाच युनियनला. ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाली. कामगार दुसऱ्याच्या मागं गेले तरी बोलणी करायचा हक्क त्याच संघाचा. गाठ बसली ती इथं. म्हणून 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, तेव्हा पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणं यांच्या जोडीला हा कायदा रद्द करा, हीबी मागणी होती.

आमचे दादा साचेखात्यात होते. ट्रंक घेऊन घरी आले. मनिऑर्डर थांबली. खानावळीच्या उधारीपायी आईनं शेळ्या विकल्या. ज्यांना रान होतं ते कसेबसे तगले. भूमिहीनांची पोरं मात्र शाळेतून निघाली, ऊसतोडीला गेली. दादांना परत कामावर कुणी घेतलं नाही आणि हिशेबाचे पैसे मिळायला कैक वर्षं गेली. फाटकी पोती ते साच्यावरच्या गाठीनं सांधायचे.

16 जानेवारी 1997 ला सामंतांना गोळ्या घातल्या. दादा त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, "संप मागं घेतलाय कुठं आजून?" खरंच, तो संप रीतसर मागं घेतलेलाच नाही.

गिरण्यांच्या जागी टॉवर झाले. आमच्या गावची पोरं आता एमआयडीसीत ठेकेदाराकडं बारा-बारा तास राबतात. कैकांना रविवारबी नसतो. त्यांना लोखंड्यांचं नाव ठाऊक पाहिजे, म्हणून हे लिहिलं.